हळू वाजवतो म्हणून आपल्याच लोकांनी खाली उतरवलं. फ्लिपर या बँडबद्दल नीट माहिती असलेलं कुणी आहे का?

तिसरी_तार (भोसरी)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

मी बेस वाजवते. आमचा तिघांचा बँड आहे. गिटारवर माझा चुलतभाऊ, ड्रमवर त्याचा डिप्लोमाचा मित्र. काकांचा भोसरीला फॅब्रिकेशनचा गाळा आहे. गुरुवारी एमआयडीसी बंद असते, तेव्हा आम्ही शटर अर्धं ओढून तिथे वाजवतो. दोन वर्षं झाली. काकांचा माल तातडीनं द्यायचा असेल तेवढेच गुरुवार बुडालेत.

आमचं वाजवणं संथ आहे. एकेक गाणं सात-आठ मिनिटं चालतं. भाऊ गिटार अँपच्या अगदी तोंडाशी नेतो आणि जो फीडबॅक (अँपचाच आवाज गिटारमध्ये परत शिरून येणारी शीळ) उठतो तो अंग वळवून, मागेपुढे सरकून फिरवत राहतो. मी दोन-तीन सुरांतच असते. शब्द मराठी आणि मोजके. एक गाणं तिसऱ्या पाळीवर आहे, त्यात 'डोळा लागला तर बोट जाईल' ही एकच ओळ मी म्हणत राहते. माझ्या वडिलांचं उजव्या हाताचं मधलं बोट प्रेसमध्ये गेलंय, ती ओळ तिथून आलेली आहे.

गेल्या महिन्यात पुण्यात एका ठिकाणी चार बँडचा कार्यक्रम होता. पंक आणि हार्डकोरवाले (हार्डकोर म्हणजे आणखी वेगातलं पंक) सगळे ओळखीचे. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला आम्ही तिकीट काढून गेलोय, पुढे उभं राहून ओरडलोय. आमचा नंबर तिसरा. पहिलं गाणं संपेपर्यंत लोक बाहेर जायला लागले. दुसरं चालू असताना समोरून 'फास्ट, फास्ट' सुरू झालं. तिसऱ्या पाळीचं गाणं सुरू करून मिनिटही झालं नसेल, तर गिटारचा आवाजच गेला. भाऊ वायर हलवून बघत होता, तेवढ्यात आयोजकानं हातानं खूण केली की उतरा. रात्री ग्रुपवर मेसेज आला: 'हे पंक नाही. लोकांची संध्याकाळ खराब करू नका.' त्याखाली बारा-तेरा जणांचे अंगठे. त्यातले निम्मे तरी आमच्या घरी जेवून गेलेले आहेत.

मला त्या अंगठ्यांचं फार लागलं. परक्यांनी शिव्या दिल्या असत्या तर एवढं वाटलं नसतं.

सामान उचलून बाहेर आलो तेव्हा एका अनोळखी माणसानं विचारलं, 'तुम्ही फ्लिपर ऐकलंय का?' नाही म्हटलं. घरी जाताना बसमध्ये एक इअरफोन मी आणि एक भावानं लावून ऐकलं. आमचा स्टॉप गेला तरी उतरलो नाही.

तर विचारायचं ते असं. या लोकांनाही त्यांच्याच गावच्या पंकवाल्यांनी असंच केलं होतं, एवढं वाचलं. पण मग ते टिकले कसे? समोरचा हॉल अंगावर येत असताना वाजवत कसे राहिले? ड्रमर म्हणतोय की पुढच्या वेळी निम्मी गाणी वेगात घेऊ, म्हणजे बोलावतील तरी. मला ते नको आहे, पण बँड मोडायलाही नको आहे. जाणत्यांनी सांगा.

---

रंगभवन_मागची_रांग (दादर)

ताई, वाईट वाटलं वाचून.

आम्ही नव्वदच्या दशकात मुंबईत धोबीतलावला रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉक संगीताच्या कार्यक्रमाला जायचो. १९८६ पासून चालू होता तो. वर आभाळ, हजारो पोरं, पावसाळ्याचे दिवस. तिथेही कुणी स्वतःचं गाणं काढलं की मागून गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची नावं ओरडली जायची. मीही ओरडलेलो आहे. आज त्याची खंत आहे, कारण त्यातली काही गाणी आता ऐकावीशी वाटतात आणि ती कुठेच ध्वनिमुद्रित नाहीत. पुढे रंगभवनच बंद पडलं. आजूबाजूला रुग्णालय, कॉलेज, कोर्ट; शांतता क्षेत्राचा नियम आला आणि लाउडस्पीकर गेले.

माझं एकच सांगणं. रेकॉर्ड करून ठेवा. फोनवर करा, पण करा. बाकी फ्लिपरचं जाणकार सांगतील.

---

मिरजेचा_दोरा (ओकलंड, कॅलिफोर्निया)

तिसरी तार, तुझी पोस्ट रात्री वाचली आणि सकाळी कामावर जायच्या आधी लिहायला बसलो. तुझं माझं गोत्र एकच निघालं, ते कसं ते पुढे सांगतो.

मी मूळचा मिरजेचा. १९९९ मध्ये इकडे आलो. दिवसा रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करतो आणि महिन्यातून दोन-तीन शनिवारी एका छोट्या हॉलमध्ये साउंड बघतो. फ्लिपरचे सुरुवातीचे दिवस मी पाहिलेले नाहीत. जे सांगतोय ते रेकॉर्ड, जुने व्हिडिओ आणि त्या काळी इथे असलेल्या माणसांच्या तोंडून आलेलं आहे.

आधी गाव समजून घे. सॅन फ्रान्सिस्कोत पंक सुरू झालं ते ब्रॉडवेवरच्या माबुहाय गार्डन्समध्ये. ते मुळात फिलिपिनो खाणावळवजा क्लब होतं. डर्क डर्कसन नावाचा माणूस तिथे कार्यक्रम लावायचा. १९७७-७८ च्या आसपास तिथे जे बँड वाजवत ते एकमेकांसारखे अजिबात नव्हते. कुणी चित्रकलेच्या कॉलेजातले, कुणी वेगात वाजवणारे, कुणी नुसता गोंगाट करणारे. पंक म्हणजे अमुक वेग, अमुक केस, अमुक बूट असं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

फ्लिपर १९७९ मध्ये या गर्दीतूनच निघाले. ते कुणी बाहेरून आलेले नव्हते. विल शॅटर आणि ड्रमर स्टीव्ह डिपेस हे दोघे आधी निगेटिव्ह ट्रेंड या बँडमध्ये होते. गिटारवाला टेड फाल्कोनी व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन आलेला. पहिला गायक रिकी विल्यम्स. त्याच्या घरच्या सगळ्या पाळीव प्राण्यांचं नाव 'फ्लिपर' होतं आणि तेच बँडला दिलं, असं सांगतात. तो लवकरच बँडमधून बाहेर पडला आणि ब्रूस लूज आला. ब्रूस आणि विल दोघेही गायचे, दोघेही बेस वाजवायचे. एक गात असला की दुसऱ्याच्या गळ्यात बेस.

मग १९८० नंतर वारं फिरलं. दक्षिण कॅलिफोर्नियातून हार्डकोर वर आलं. त्याचा वेग कानावर घ्यायचा असेल तर एक हिशोब बघ. सर्कल जर्क्स या बँडची १९८० ची पहिली रेकॉर्ड: चौदा गाणी, आणि सगळी मिळून साधारण पंधरा मिनिटं. म्हणजे गाणं सरासरी एक मिनिट. पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, डोकी भादरलेली, अंगात रग. त्यांना त्या एका मिनिटात एकमेकांवर आदळायचं असायचं. आणि त्याच संध्याकाळी फ्लिपर उभे राहायचे आणि एक गाणं आठ मिनिटं चालवायचे. कुणी 'वेगात वाजवा' म्हणून ओरडलं की ते आणखी हळू व्हायचे, असं मला इथल्या दोन-तीन जुन्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलंय.

म्हणजे तुमच्याशी झालं ते त्यांच्याशीही झालं. फरक आहे तो पुढे.

त्यांचं पहिलं मोठं काम १९८२ चं, 'आल्बम, जेनेरिक फ्लिपर'. त्या काळी इथल्या दुकानांत बिननावाचा स्वस्त माल मिळायचा, डब्यावर नुसतं 'बिअर' नाहीतर 'तांदूळ' एवढंच छापलेलं. तशा पिवळ्या वेष्टनासारखं त्याचं कव्हर. हेट स्ट्रीटवर अमीबा नावाचं रेकॉर्डचं मोठं दुकान आहे, पूर्वीच्या बोलिंग अॅलीत थाटलेलं. तिथे मला ती जुन्या मालात मिळाली. त्या वेळी मी तीन जणांबरोबर एका खोलीत राहायचो. रविवारी सगळे बाहेर गेले तेव्हा लावली.

पहिली बाजू ऐकताना मला वाटलं की रेकॉर्ड वाजवायचं मशीनच बिघडलंय. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस आहे, उठून बेल्ट बघितला. बेल्ट ठीक होता. दुसरी बाजू लावली. तिच्यातलं शेवटचं गाणं पावणेआठ मिनिटांचं. बेसचा एकच तुकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. वर एक ओळ किंचाळत राहते, मध्ये सॅक्सोफोन घुसतो, आणि गिटार म्हणून जे आहे त्यात ना कॉर्ड धड कळत ना चाल. फक्त एक झण्ण असा पडदा, जो कधी खरखरतो, कधी शीळ घालतो. तीन-चार मिनिटं झाल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज मी लहानपणी ऐकलेला होता.

माझे मामा मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या कामावर होते. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. भोपळे सोलापूरकडून यायचे, ते माळ्यावर उलटे टांगलेले. मामांचं काम जवारीचं. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण ती सपाट नसते, तिला डोळ्याला दिसणार नाही इतका उतार असतो. मामा बारीक कानस घेऊन त्या उतारावर हात फिरवायचे. दोन ओढ, मग तार लावून छेडायची, कान लावायचा, तार उतरवायची, पुन्हा दोन ओढ. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की तार मेल्यासारखी ठण्ण वाजते. केसभर मागे आणला की एकदम तिच्यातून झंकार उठतो, एका तारेत दहा तारा वाजल्यासारखा. तार घोडीला पुसटशी घासते म्हणून तो आवाज येतो. म्हणजे तंबोऱ्याचं सगळं सौंदर्य त्या घासण्यात आहे. कोऱ्या, स्वच्छ सुरात नाही. मामा म्हणायचे, 'घासल्याशिवाय तार बोलत नाही.' मी आठवी-नववीत असेन.

टेड फाल्कोनीची गिटार ही जवारी आहे, असं मला त्या रविवारी वाटलं आणि आजही वाटतं. तुझा भाऊ अँपसमोर अंग वळवून जे करतोय तेही तेच. तो दोरा सरकवतोय.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. हॉल अंगावर येत असताना ते वाजवत कसे राहिले? जुने व्हिडिओ बघशील तेव्हा गिटारवाल्याकडे आणि गायकाकडे बघू नकोस. ड्रमरकडे बघ. स्टीव्ह डिपेस मान खाली घालून, गड्यानं घण घालावा तसा, एका मापात मारत असतो. समोर काहीही चाललेलं असो. लोक स्टेजवर चढून माईक हिसकावून स्वतःच गायला लागायचे, शेवटच्या गाण्याला तर हे नेहमीचंच, बँड कोण आणि प्रेक्षक कोण हे कळेनासं व्हायचं. तरी खालचा ठेका हलायचा नाही. आणि त्या ठेक्याला बेस चिकटून. चाल कुठे असेल तर ती बेसमध्येच आहे. वरचा गोंगाट लोकांना असह्य वाटत असेल, पण पायाखालची जमीन पक्की असल्यामुळे ते खोलीत थांबायचे. शिव्या द्यायला का होईना, थांबायचे. भजनात पेटी बेसूर असली तरी चालते, पखवाज सुटला तर मंडळी उठतात. तसंच.

म्हणून तुला विचारतो, आणि राग मानू नकोस: तुमचं गाणं संथ आहे की सैल आहे? सात मिनिटांच्या गाण्यात पहिल्या मिनिटाचा ठेका आणि सातव्याचा ठेका एकच असतो का? लोक ओरडायला लागले तेव्हा ड्रमरचा हात घाबरून वाढला होता का? वेगात वाजवताना चूक मागे पळून जाते. हळू वाजवताना प्रत्येक ठोका उघडा पडतो. 'निम्मी गाणी वेगात घेऊ' असं तुमचा ड्रमर म्हणतोय त्यामागे मला हीच भीती दिसते. त्याला दोष देऊ नकोस, त्याची जागा सगळ्यात अवघड आहे.

दुसरी गोष्ट. ते एकटे पडले होते असं समजू नकोस. हार्डकोरच्या पोरांना नको होते, पण सबटेरेनियन रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी शहरातच होती. तिनं १९७९ च्या एका संकलनात त्यांना घेतलं, पुढे १९८१ ची सिंगल काढली आणि हा आल्बमही काढला. टार्गेट व्हिडिओच्या लोकांनी कॅमेरा लावून त्यांना टिपलं, म्हणून आज आपण बघू शकतो. डेड केनेडीज या इथल्याच पंक बँडच्या अल्टरनेटिव्ह टेन्टॅकल्स या रेकॉर्ड कंपनीनं १९८१ च्या संकलनात त्यांना बसवलं. म्हणजे 'सीन' नावाचा जो घोळका असतो तो वेगळा, आणि ज्यांना कान आहेत असे पाच-सात जण वेगळे. तुला त्या रात्री बाहेर भेटून फ्लिपरचं नाव सांगणारा माणूस त्या पाच-सातांपैकी एक आहे. त्याचा नंबर घेतलास का? नसेल घेतला तर शोध.

घोळका बदलतो का, असंही तुझ्या मनात असेल. बदलला, पण तो त्या शहरात आणि त्या वर्षी नाही. १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅगनं, हार्डकोरच्या सगळ्यात मोठ्या बँडनं, एका रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू तीन संथ, सहा-सहा मिनिटांच्या वर जाणाऱ्या गाण्यांना दिली. तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी बोंब मारली. वर वॉशिंग्टन राज्यात मेल्विन्स या बँडनं फ्लिपरची गाणी वाजवली. त्यांच्याच भोवती वावरणारा, निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन ११ जानेवारी १९९२ ला टीव्हीवर अख्ख्या देशासमोर उभा राहिला तो फ्लिपरचं नाव हातानं काढलेला टी-शर्ट घालून. निर्वाणाचा बेसवाला क्रिस्ट नोव्होसेलिक पुढे २००६ ते २००८ फ्लिपरमध्येच बेस वाजवत होता. पब्लिक इमेज लिमिटेड या बँडनं १९८६ मध्ये तशाच कोऱ्या कव्हरची रेकॉर्ड 'आल्बम' याच नावानं काढली, तर फ्लिपरनं त्याच वर्षी आपल्या लाइव्ह रेकॉर्डचं नाव 'पब्लिक फ्लिपर लिमिटेड' ठेवून हिशेब चुकता केला.

पण मधल्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. विल शॅटर डिसेंबर १९८७ मध्ये हेरॉइननं गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याच्या जागी पुढे आलेला जॉन डोहर्टीही १९९७ मध्ये त्याच वाटेनं गेला. इथे काही लोक हे फार कौतुकानं सांगतात, जणू तो त्या आवाजाचा भाग होता. मी रुग्णालयात काम करतो. मला ते कौतुक सहन होत नाही. तो आवाज करायला त्याची गरज नव्हती. विल शॅटर जगला असता तर आज सत्तरीच्या घरात असता आणि अजून बेस वाजवत असता, असं मला वाटतं.

तुझी ती एक ओळ, बोट जाण्याची, ती बदलू नकोस. आणि ती म्हणताना बेस एकाच जागी ठेव.

---

फेडरवाला (पुणे)

मी पुण्यात साउंड करतो. त्या रात्री मी नव्हतो, पण गिटार गेली ती वायरमुळे नाही हे मी लिहून देतो. कन्सोलवर कुणीतरी गिटारचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घेतला.

तिसरी तार, आमची बाजू ऐक. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा हा कायदा आहे. वस्तीजवळच्या जागेला दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. माणसं नुसती बोलली तरी काटा तिथे जातो. तक्रार झाली तर मशीन उचलून नेतात, आणि मशीन भाड्याचं असतं. त्यात फीडबॅक ऐकला की साउंडवाल्याचा हात आपोआप खाली जातो. वर्षानुवर्षं तोच धडा घोकलाय. उंच सुरातला फीडबॅक लांबला तर स्पीकरमधला हॉर्नचा ड्रायव्हर जळतो. हे फीडबॅक मुद्दाम आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं का? साउंडचेकला भावाला घेऊन जा, आवाज काढून दाखवा, सांगा की हा असा सहा मिनिटं येणार आहे, तुम्ही किती वर जाऊ देता? नव्वद टक्के लोक ऐकतात. मी तर खूश होईन.

मिरजेच्या काकांचं ड्रमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण एक भर घालतो. आपल्याकडे छोट्या जागांत गिटारचा अँप माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि बेस भिंतीत. पुढे उभ्या असलेल्याला फक्त करकर ऐकू येते, बेस पोचतच नाही. मग त्यांच्या पायाखाली जमीन कुठून येणार? गिटारचा अँप जमिनीवर ठेव, तोंड भावाकडे कर, प्रेक्षकांकडे नाही. त्याला हवा तो फीडबॅक मिळेल आणि लोकांच्या कानात सुई जाणार नाही. बेसला जागा मोकळी होईल.

आयोजकानं स्टेजवरून हातानं उतरवणं हे मात्र चूकच. त्याचं समर्थन करणार नाही. वेळ दिलेली होती ना, मग ती तुमची होती.

---

तिसरी_तार (भोसरी)

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गुरुवार गेले म्हणून उशिरा लिहितेय.

काका, राग नाही आला. त्या रात्रीचं मोबाइलवर थोडं रेकॉर्डिंग होतं, ते आम्ही तिघांनी बसून ऐकलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. लोक ओरडायला लागले तिथून ड्रम पळायला लागलाय, मी मागे राहिलेय, आणि भाऊ दोघांनाही सोडून कुठेतरी. आम्हाला स्टेजवर हे कळलंच नव्हतं. ड्रमर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मला भीती वाटली होती.' दोन वर्षांत तो असं पहिल्यांदा बोलला.

त्या गुरुवारी आम्ही गिटार काढलीच नाही. फक्त ड्रम आणि बेस, तेच तिसऱ्या पाळीचं गाणं, चाळीस मिनिटं. भाऊ समोर लोखंडाच्या स्टूलवर बसून मुद्दाम ओरडत होता, पत्र्यावर पाना आपटत होता, की बघू हलता का. पहिली वीस मिनिटं आम्ही तीनदा सुटलो. नंतर सुटलो नाही. हाताला फोड आला माझ्या, पण शेवटी शेवटी मी वाजवतेय असं वाटेनासं झालं, नुसतं चालू होतं. दुसऱ्या गुरुवारी गिटार आली, अँप खाली ठेवून तोंड भावाकडे. फेडरवाले दादा, काय फरक पडला म्हणून सांगू! समोरच्या गाळ्यात राखणीला असलेले एक मामा शटरखालून वाकून आत आले आणि पूर्ण गाणं उभं राहून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, 'आमची दोनशे टनाची प्रेस अशीच वाजते.' मग त्यांनी त्यांचा हात दाखवला. त्यांचंही एक बोट नाही.

मिरजेच्या काका, तो फ्लिपर सांगणारा माणूस सापडला. आयोजकाच्याच फोटोत होता, त्यावरून शोधला. चिंचवडला टेम्पोच्या सीटची कामं करतो. त्याच्याकडे दोन चांगले माईक आहेत.

तर आता असं ठरतंय की कार्यक्रम गाळ्यातच करायचा. गुरुवारी, दुपारी चारला, म्हणजे दहाचा प्रश्नच नाही. काकांनी हो म्हटलंय, फक्त गॅस सिलिंडर आणि वेल्डिंगचं सामान आधी बाहेर काढायचं. ग्रुपवरच्या त्या बारा-तेरा जणांनाही निरोप देणार आहे. भाऊ नको म्हणतोय. मी देणार.

फेडरवाले दादा, एक अडचण. गाळ्यात थ्री फेज आहे. ड्रमजवळच्या बोर्डावर बेसचा अँप लावला आणि गिटारचा पलीकडच्या भिंतीवर, तर दोन्हींत सारखी 'हूं' येते. माईक लावला की वाढते. रेकॉर्डिंगमध्ये ती नकोय. काय करू?

---

फेडरवाला (पुणे)

सगळं एकाच बोर्डावरून घे. दोन भिंतींवरचे बोर्ड वेगळ्या फेजवर असतील आणि अर्थिंग वेगवेगळ्या रस्त्यानं जात असेल, त्या चक्करमधून ती हूं येते. ड्रमजवळच्या एका पॉइंटवरून चांगली जाड एक्स्टेंशन ओढ आणि दोन्ही अँप, माईकचा मिक्सर, सगळं तिच्यावर लाव. हूं जात नाही म्हणून कुणी अर्थची पिन कापायला सांगेल. अजिबात कापू नको. पत्र्याचा गाळा आहे, ओला हात लागला तर माणूस जाईल.

काकांच्या इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग तपासून घे. गुरुवारी मी मोकळा आहे. तीनला येतो, माझी केबल घेऊन येतो.

---

मिरजेचा_दोरा (ओकलंड, कॅलिफोर्निया)

तुमचे दुपारचे चार म्हणजे इथे पहाट असेल. फोन कुठेतरी टेकवून ठेव, चित्र नसलं तरी चालेल. मी उठून बसेन.

आणि त्या राखणीच्या मामांना पुढे खुर्ची दे.